पर्लकोटेपलीकडचे पऱ्हे

मंडळी, जोहार. गडचिरोलीतल्या भामरागडात कोणीही भेटलं की हाच शब्द कानावर येतो, म्हणून सुरुवात त्यानेच करतो.

तिकडे जाऊन आलो म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला, "भीती नाही वाटली?" प्रश्न खोटा नाही. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये याच तालुक्यात लाहेरीजवळ नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात 17 पोलीस मारले गेले. लोकांनी दोन्हीकडच्या बंदुका पाहिल्यात. पण चार दशकं आपण एवढंच विचारत आलो, आणि "यंदा धान कसं आहे?" हे विचारायचं राहूनच गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आजचा विषय 'भामरागडची शेती' आहे. पण आधी नदी सांगू द्या, तिच्याशिवाय ती शेती कळायची नाही.

गावाला तीन नद्या: इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम. इंद्रावती उगम पावते ओडिशातल्या कालाहंडीत आणि बस्तर ओलांडून इथवर येते. ती फुगली की पर्लकोटेला पुढे सरकायला वाव राहत नाही, पाणी मागे दाबलं जातं. आलापल्ली-हेमलकशाकडून येणारा रस्ता पर्लकोटेवरच्या ठेंगण्या पुलावरून गावात शिरायचा. म्हणजे गावात लख्ख ऊन आणि पूल पाण्याखाली, असंही व्हायचं! पाऊस तिकडे बस्तरात पडलेला असायचा.

काही वर्षांपूर्वी जुलैअखेर मी असाच चार दिवस अडकलो. बाजारातला किराणावाला न बोलता मिठाची पोती माळ्यावर चढवत होता, बायको खालून एकेक पिशवी हातात देत होती. दोघांना एकमेकांना काही सांगावं लागत नव्हतं, इतकी ती सवयीची हालचाल. (2019 मध्ये तर पाणी पुन्हा पुन्हा बाजारपेठेत शिरलं.)

मी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते दादा माडिया आदिवासी. त्यांची बांधी, म्हणजे भाताचं शेत, पुलापलीकडे. चिखलणी झालेली, पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, तयार, रोवणीला (लावणीला) येणाऱ्या बाया ठरलेल्या, आणि मधे नदी. दादा रोज सकाळी काठावर जाऊन उभे राहायचे. चौथ्या दिवशी पूल उघडा पडला तसे आम्ही गेलो. त्यांनी एक पऱ्हा उपटला, मुळाची माती धुतली आणि बुंध्याशी नख लावून दाखवलं. "पाहा सर, कांडं धरलं. आता हा फुटणार नाही."

धानाचा पऱ्हा साधारण तीन-चार आठवड्यांत लावला तर भरपूर फुटवे, म्हणजे बुंध्यापासून नवे कोंब, येतात. वय उलटलं की फुटवे कमी, लोंब्या कमी. दादांना आधीच उशीर झाला होता, त्यात हे चार दिवस. शेत बुडालं नव्हतं, एक काडीही वाहून गेली नव्हती, तरी नुकसान झालं होतं. मी परतताना एका कार्यालयात हे सांगितलं. उत्तर मिळालं, "पीक पाण्याखाली गेलं का? नाही ना? मग पंचनामा कशाचा?" अहो, पुलामुळे हुकलेली रोवणी कोणत्या रकान्यात लिहायची? मला आजही तो प्रश्न झोपू देत नाही. ज्या गावाचा रस्ता नदी अडवते, तिथे बंद रस्त्याचे दिवस पीकनुकसानीत धरले पाहिजेत. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बाकीचं भरभर सांगतो. सगळेच रोवणी करत नाहीत, बरेच जण आवत्या टाकतात, म्हणजे बी थेट फेकून पेरतात. त्यात मजूर कमी लागतात, पण निंदण वाढतं. सिंचन फारसं नाही, त्यामुळे पावसावरचं एकच पीक. उरलेलं वर्ष जंगल सांभाळतं. उन्हाळा लागला की मोहफुलं, मग तेंदूपत्ता. 2006 च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर पट्टा मिळू शकतो, सामूहिक हक्कही मिळतात. त्यावर वेगळा तास हवा.

मोहाचं एकच सांगतो. फुलं रात्री गळतात, म्हणून बाया-पोरं पहाट फुटायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. खालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला, अंगणासारखा. ती जागा बघायला तरी एकदा जा.