सकाळची वाटी

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका. तारखांच्या चौकटींत दूध, गॅस, भिशी. आणि पेन्सिलीने लिहिलेलं १२४/७८. हे आईचं बीपी.

आई हाताला पट्टा बांधते. सैल वाटला की सोडून पुन्हा बांधते. पाठ खुर्चीला टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर. पट्टा फुगतो, सावकाश उतरतो. तेवढा वेळ ती एक शब्द बोलत नाही. मोजणं तिला अगदी नीट जमतं. मोजायची वेळ मात्र सवडीची, आणि तिला सवड मिळते दुपारी, भांडी आवरल्यावर.

रक्तदाब दिवसभर एकसारखा राहत नाही. झोपेत तो उतरतो, बहुतेकांचा १० ते २० टक्क्यांनी. जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो. म्हणून घरी मोजायची रीत ठरलेली आहे: सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडायचा, उरलेल्यांची सरासरी काढायची. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर रक्तदाब वाढलेला धरतात.

आमच्या घरी ही रीत कधी पाळलीच गेली नाही. महिन्याभराचे २६ आकडे होते, तेही जमेल तेव्हा घेतलेले. वरच्या आकड्याची सरासरी १२९.५. सगळे निश्चिंत.

दिनदर्शिकेवर वेळ नव्हती. मशीनच्या मेमरीत होती. मुलीने बटण दाबत एकेक आकडा चिठ्ठीवर उतरवला. मिसळणाच्या डब्यातल्या दोन वाट्या रिकाम्या केल्या. एक सकाळची, एक दुपारची. बघा, चिठ्ठ्या कशा पडताहेत. दुपारच्या वाटीत वीस. सकाळच्या वाटीत सहा.

दुपारची सरासरी १२४. सकाळची १४८.

सगळे आकडे एकत्र मिळवले, की ज्या वेळी जास्त वेळा मोजलं तीच वेळ सरासरी ओढून नेते. आधी वाटीवाटीची सरासरी काढली आणि मग त्या दोन्हींची, तर येतात १३६. चिठ्ठ्या त्याच. पण माझं म्हणणं, त्या १३६ वरही थांबू नये. सकाळचे १४८ वेगळेच डोळ्यांसमोर हवेत.

सहाच आकडे, म्हणून पुढचा आठवडाभर गजर लावला. चहाच्या आधी, गोळीच्या आधी मोजलं. सकाळचे आकडे चढेच निघाले. डॉक्टरांनी ते पाहून औषध बदललं.

नव्या महिन्याचं पान. पहिल्या चौकटीत आई पेन्सिलीने आधी वेळ लिहिते, ६.४०. मग पट्टा बांधते.