नाव ठेवणारे, नावं ठेवणारे

व्हिडिओ गेमच्या पडद्यावर एक बंदिस्त खोली. जमिनीवर निळे खडे मांडलेत, मोजून ४५. हे त्या जगातलं चलन, नाव 'रुपी'. खोलीत एक संदेशही मिळतो: मी अमुक, ही माझी गुप्त खोली, आपल्या दोघांतच ठेव.

हा अमुक कथेत कुठेच नाही. तो खराखुरा खेळाडू! 'निन्टेंडो पॉवर' या मासिकाने १९९० मध्ये स्पर्धा ठेवली होती; बक्षीस म्हणजे येणाऱ्या गेममध्ये स्वतःचं नाव. ते १९९२ साली 'झेल्डा' या गेमच्या इंग्रजी आवृत्तीत आलं खरं, पण भलत्याच जागी. खेळाडूला कुठे उतरवायचं हे गेमलाच उमगलं नाही, की तो त्याला या खोलीत आणून टाकतो. थोडक्यात, अडगळीच्या दारावरची पाटी. तरी ती शोधण्यासाठी लोकांनी रात्री जागवल्या.

आता नवा गेम येतोय म्हटलं की तो बनवणारे स्टुडिओच हाक देतात: नावं सुचवा. काय मागतात ते मात्र बघा. नायकाचं नाव सहसा नाही. ते कलाकारांच्या आवाजात शंभर ठिकाणी रेकॉर्ड झालेलं असतं. बदलायचं तर सगळ्यांना पुन्हा माइकसमोर बसवा. गेमचं नाव ट्रेडमार्कपायी वकिलांच्या ताब्यात. मग उरतं काय? पूल, खानावळ, गंजकी तलवार, मागे मागे फिरणारा कुत्रा. ही नावं फक्त मजकुरात असतात, अगदी शेवटी शेवटीही बदलता येतात.

तरी चाळणी असतेच. नाव पडद्यावरच्या चौकटीत मावतं का? दुसऱ्या भाषेत शिवी तर होत नाही ना? १९८० साली जपानमध्ये आलेला 'पक मॅन' अमेरिकेत 'पॅक-मॅन' झाला तो याच धास्तीने. कुणी मशीनवरच्या इंग्रजी 'पी'ची गोलाई जराशी खरवडून 'एफ' केला असता, तर पुढचं वाचायची सोय नव्हती.

मतदान घ्यायचं तर आणखी जपून. ब्रिटनमध्ये २०१६ साली एका संशोधन जहाजासाठी नावं मागवली आणि लोकांनी 'बोटी मॅकबोटफेस'वर मतांचा पाऊस पाडला. जहाजाला शेवटी निसर्गपटांचे निवेदक सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव मिळालं; 'बोटी' गेली पाण्याखालच्या छोट्या यानाला. नावं सगळ्यांकडून घ्यावीत, निवड आपल्या हातात ठेवावी, एवढं तरी स्टुडिओंनी यातून घ्यायला हरकत नाही.

पैसे घेऊन नावं दिली की वेगळीच पंचाईत. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'साठी २०१२ मध्ये चाहत्यांनी सुमारे ४० लाख डॉलर उभे केले. त्यातल्या घसघशीत रक्कम देणाऱ्यांना गेममध्ये आपलं पात्र मिळालं. २०१५ मध्ये गेम आला आणि जिथे तिथे सोनेरी नावपट्टीची माणसं उभी! कथेशी त्यांचं देणंघेणं काही नाही. नाव ठेवणारे चाहतेच, अन् त्यावरून नावं ठेवणारेही चाहतेच.

समोर एका स्टुडिओचा असाच फॉर्म आहे. प्रत्येक गोष्टीपुढे दोन रकाने आहेत: नाव, आणि हेच का. पुलाच्या रकान्यात सूचनांची रांग लागलीय. कुत्र्याचा रकाना अजून कोरा आहे.