चष्म्याआधी कारागीर

(नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

१९९०च्या सुमारास बोईंग कंपनीपुढे एक अडचण होती. तुमच्यापैकी जे इलेक्ट्रिकल पॅनेल बनवतात, त्यांना ती लगेच कळेल. विमानातल्या वायरींचे जुडगे प्लायवूडच्या मोठ्या फळ्यांवर बांधले जायचे. कुठली वायर कुठून कुठे न्यायची, हे कामगारानं ड्रॉइंगवर बघायचं, मग फळीवर बघायचं, पुन्हा ड्रॉइंगवर बघायचं. विमानाचा प्रकार बदलला की फळी बदलायची. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या तिथल्या दोन संशोधकांनी १९९२मध्ये एक शोधनिबंध मांडला: कामगाराला असा चष्मा द्यावा की वायरीचा मार्ग त्याला थेट फळीवरच आखलेला दिसेल. ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूवर माहितीचा थर चढवणं, हे नाव याच कामातून रूढ झालं. आज हे तंत्र बहुतेकांना मोबाईलवरच्या खेळांमुळे माहीत आहे, पण ते उगवलं वायरिंगच्या टेबलावर. त्यामुळे अंबड-सातपूरच्या माणसानं त्याच्याकडे परक्या नजरेनं बघण्याचं काही कारण नाही.

त्या काळी संगणक तेवढे ताकदवान नव्हते, चष्मे जड होते, कल्पना मागे पडली. पंचवीसेक वर्षांनी बोईंगनंच हलके चष्मे वापरून पुन्हा प्रयोग केला आणि वायरिंगचा वेळ सुमारे २५ टक्के वाचल्याचं सांगितलं. २०१५मध्ये डीएचएल या मालवाहतूक कंपनीनं नेदरलँड्समधल्या एका गोदामात असाच प्रयोग केला. माल वेचणाऱ्यांना कुठल्या रॅकवरून काय आणि किती उचलायचं ते चष्म्यात दिसत होतं. तिथेही साधारण तेवढाच फरक पडला. हातात कागद नाही, स्कॅनर नाही, दोन्ही हात खोक्यासाठी मोकळे. फायदा येतो तो इथून. माझी कसोटी म्हणूनच साधी आहे: हात गुंतलेले आहेत का, आणि चूक महागात पडते का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तरच या वाटेनं जा. एरवी भिंतीवर लावलेला चांगला तक्ता पुरतो.

व्हर्च्युअल रिॲलिटी ही वेगळी गोष्ट. तिथे समोरचं जग पूर्ण झाकलं जातं आणि दुसरं उभं राहतं. तिचा धंद्यातला खरा उपयोग प्रशिक्षणाचा, आणि तो विचार डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटपेक्षा कितीतरी जुना आहे. एडविन लिंकनं १९२९मध्ये वैमानिकांसाठी जमिनीवरचं शिकाऊ विमान बनवलं. चुकलात तर जीव जात नाही, इंधन जळत नाही, पुन्हा बसा. आपल्या ओझरला सुखोई लढाऊ विमानं बांधली गेली, त्यामुळे सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या यंत्राची अशी शिकाऊ नक्कल, काय असतो हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेत वॉलमार्टनं २०१७पासून हेच दुकानात आणलं. सणाच्या खरेदीला उसळणारी गर्दी नव्या कर्मचाऱ्याला आधीच हेडसेटमध्ये दाखवायची आणि त्या क्षणी काय करशील ते विचारायचं. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या दुकानांसाठी १७,००० हेडसेट घेत असल्याचं जाहीर केलं.

इथे थोडं थांबतो. २००३च्या सिंहस्थात आपल्या शहरात चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. आता पुन्हा सिंहस्थ येतो आहे. घाटांवर, वाहनतळांवर, हॉटेलांत, बसगाड्यांवर हजारो माणसं कामाला लागतील आणि त्यांतली पुष्कळ खासगी एजन्सींची, पहिल्यांदाच एवढी गर्दी बघणारी असतील. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद गल्लीत मागून रेटा आला तर आधी कुठला दोर सोडायचा, लोकांना कुठे वळवायचं, याचा सराव प्रत्यक्ष गर्दीत करता येत नाही. हेडसेटमध्ये येतो. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपन्यांनी याकडे खर्च म्हणून बघू नये असं मला कळकळीनं वाटतं.

आपल्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, हे कुठे बसेल? ११ केव्हीच्या पॅनेलवर काम करण्यापूर्वी पुरवठा तोडणं, कुलूप लावणं, टॅग लावणं, अर्थिंग करणं. यातली एक पायरी चुकली तर काय होतं हे आयटीआयतून आलेल्या पोरानं एकदा हेडसेटमध्ये अनुभवलं, तर सुरक्षेचे बोर्ड वाचून जे होत नाही ते होईल. वेल्डिंगचे सिम्युलेटरही मिळतात. गनचा कोन, हाताचा वेग, जॉबपासूनचं, म्हणजे जोडायच्या तुकड्यापासूनचं, अंतर त्यात शिकता येतं, आणि प्लेटी नि रॉड वाया जात नाहीत. पण मर्यादा ओळखा. बोल्ट पुरेसा आवळला गेला हे हाताला जे कळतं, वाइंडिंग तापल्यावर जो वास येतो, ते यात नाही. सिम्युलेटरवर पास झालेल्याला थेट मशीनवर एकटं सोडू नका. शिवाय डोळे सांगतात मी चालतोय आणि कानातला तोल सांगतो मी उभा आहे, या विसंगतीमुळे काहींना मळमळतं. पहिली सत्रं छोटी ठेवा आणि ज्याला त्रास होतो त्याला सक्ती करू नका.

ग्राहकाला माल दाखवण्याचा भाग मी भराभर सांगतो, कारण तो तुम्ही पाहिलेला आहे. आयकियानं २०१७मध्ये सोफा तुमच्याच खोलीत ठेवून दाखवणारं ॲप आणलं. लेन्सकार्टवर चष्म्याची फ्रेम चेहऱ्यावर बसवून बघता येते. ऑस्ट्रेलियातल्या एका वाइनच्या बाटलीवरचा माणूस फोन धरला की बोलायला लागतो. आपल्या द्राक्षपट्ट्यातल्या वायनरींना हे सुचणारच, पण गंमत एकदाच वाटते आणि दुसरी बाटली चवीवर विकली जाते. गंगापूर रोडवरचे फ्लॅट हेडसेटमध्ये दाखवणाऱ्यांनी मात्र रेरा कायद्याचं कलम १२ वाचून ठेवावं. जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून ग्राहकानं पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. हेडसेटमधल्या गॅलरीतून गोदावरी दिसत असेल तर ती खऱ्या गॅलरीतूनही दिसली पाहिजे.

आता पैशांचं. हे यंत्र घेऊ की ते, असं मला सारखं विचारतात. यंत्रं टिकत नाहीत. गुगलनं उद्योगांसाठीचा चष्मा २०१७मध्ये आणला आणि २०२३मध्ये विक्री थांबवली. मायक्रोसॉफ्टचं होलोलेन्स २०१६मध्ये आलं, २०२४मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. त्याची दुसरी आवृत्ती ५६६ ग्रॅमची होती. आठ तासांच्या शिफ्टमध्ये एवढं वजन डोक्यावर कोण वागवणार? म्हणून व्हेंडरशी करार करताना एक अट घाला: तुमच्या मशीनची थ्रीडी मॉडेलं आणि कामाच्या पायऱ्या सर्वमान्य फाइल-स्वरूपात तुमच्याच ताब्यात राहतील. यंत्र बदललं तरी साहित्य तुमचं. आणि विकत घेण्याआधी आपल्याच शॉपमध्ये चालवून बघा. चकचकीत, तेलकट धातूवर आणि कमी उजेडात कॅमेऱ्याला जागा नीट ओळखता येत नाही आणि चष्म्यात दिसणारा बाण भलतीकडे सरकतो. शोरूममध्ये हे कळत नाही.

पण ज्यासाठी मी आज आलो, ते पुढेच आहे. चष्म्यात दाखवायचं काय? ती माहिती कुठल्या कंपनीकडे मिळत नाही. ती तुमच्या शॉपमधल्या त्या फिटरकडे आहे, जो वीस-पंचवीस वर्षं तेच मशीन सेट करतो आणि आवाज ऐकून बेअरिंग जाणार हे सांगतो. तो निवृत्त झाला की ती विद्या त्याच्याबरोबर जाते, आणि आपण हळहळतो. या सगळ्या तंत्राचा छोट्या उद्योगाला होणारा सर्वांत मोठा लाभ मला हाच दिसतो की त्या निमित्तानं आपण या माणसाजवळ बसतो, त्याचं काम पायरी-पायरीनं टिपतो आणि त्याला ‘हे असंच का?’ असं विचारतो. सुरुवातीला चष्माही लागत नाही. मशीनवर एक क्यूआर कोड, फोन लावला की त्याच कारागिराच्या हातांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, त्याच्याच मराठीत. एवढ्यावर नवा ऑपरेटर सेटिंगला उभा राहू शकतो.

आणि त्या माणसाला याचा मोबदला द्या. ‘मी सगळं सांगितलं की मला काढतील’ ही त्याची भीती खोटी नाही, कंत्राटी माणसाची तर मुळीच नाही. त्याला शिकवणारा म्हणून नेमा, भत्ता द्या, व्हिडिओवर त्याचं नाव घाला. दुसरं, चष्म्यातला कॅमेरा दिवसभर काय पाहतो, कामगाराची नजर कुठे किती वेळ होती, याची नोंद काही यंत्रणा ठेवतात. ती नोंद शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरणार नाही, हे लेखी द्या. काय साठवलं जातं, किती दिवस आणि कोण बघतं, ते मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावा. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहेच, पण कायद्याची वाट कशाला बघायची? जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा बंद झालाच पाहिजे, आणि तो बंद करण्याचं बटण कामगाराच्या हाताशी असलं पाहिजे.