मंगळावरचा आवाज आणि आपण शून्य धरलेली संख्या

वायूच्या गणिती मॉडेलवर बोलायचं कबूल केलंय, बोलणारच आहे, पण आधी मंगळावर जाऊन येऊ. पर्सिव्हिअरन्स रोव्हर फेब्रुवारी 2021 मध्ये जेझेरो विवरात उतरला, त्याच्यावर मायक्रोफोन आहे हे तुम्हाला माहीतच असेल. लेसरने दगडावर ठिणगी पाडायची, टक् असा आवाज येतो, तो किती वेळात पोचला ते मोजायचं; खालच्या सुरासाठी सोबतच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या पात्यांची घरघर ऐकायची. आणि निघालं काय, तर 240 हर्ट्झच्या खालचा आवाज सेकंदाला साधारण 240 मीटर जातो आणि वरचा त्याच्यापेक्षा दहा-एक मीटर जास्त! म्हणजे तिथे मैफल भरवली तर लांब बसलेल्याला बासरी आधी आणि डग्गा मागून. हसा, पण हे खरंच मोजलंय हो.

का होतं असं? तिथली हवा म्हणजे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. आवाजाने वायू दाबला की ऊर्जा आधी रेणूंच्या धावण्यात जाते, मग टकरा होता होता थोडी त्या तीन अणूंच्या वाकण्या-थरथरण्यात मुरते, त्याला हजारो टकरा लागतात आणि विरळ वायूत टकराच कमी. खालच्या सुराला तेवढी सवड मिळते, वरच्याला मिळत नाही, त्याच्यापुरती ती थरथर नसल्यासारखीच, म्हणून तो पुढे पळतो. हे नवीन नाही बरं का, पिअर्स नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 1925 मध्येच प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडमध्ये हे पाहिलं होतं, फक्त आपल्याकडच्या दाबाला त्यासाठी अल्ट्रासाऊंड लागतो.

आता माझी तक्रार. वायू दाबताना-फुगताना जो अंतर्गत विरोध होतो, त्याची संख्या म्हणजे बल्क व्हिस्कॉसिटी, आणि ती येते ऊर्जा थरथरण्यात मुरायला लागणाऱ्या याच उशिरातून. स्टोक्सने 1845 मध्ये ती शून्य धरली. एकअणुक विरळ वायूला, आर्गॉनला वगैरे, ते चालतं. पण आपण पोरांना ते असं शिकवतो की जणू निसर्गनियमच आहे, एका ओळीत "शून्य धरू" आणि पुढे! कार्बन डायऑक्साइडमध्ये हीच संख्या साध्या व्हिस्कॉसिटीच्या, म्हणजे थरावर थर सरकतानाच्या विरोधाच्या, शेकडो पट, काही अंदाजांत हजार पट निघते. शून्य कुठे, हजार कुठे! मला याचा मनापासून राग येतो, कारण पोरं हुशार असतात, त्यांना सांगितलं तर कळतं.

पाचच मिनिटं उरलीत म्हणतायत, बरं, मॉडेल पटापट. वायूतले किती रेणू कुठल्या वेगाने धावतात ते सांगतं वितरण फलन, ते कसं बदलतं ते सांगतं बोल्ट्झमनचं समीकरण, 1872 चं; त्यातलं टकरांचं पद भयंकर, म्हणून 1954 मध्ये आपल्या प्रभुलाल भटनागरांनी ग्रॉस आणि क्रूकबरोबर त्याच्या जागी एकच रिलॅक्सेशन टाइम, म्हणजे वायूला समतोलात परतायला लागणारा वेळ, ठेवला. सुंदर कल्पना, पण इथे धावण्याचं घड्याळ वेगळं आणि थरथरण्याचं वेगळं, एकात भागत नाही. मग वितरण फलनात अंतर्गत ऊर्जेचं, म्हणजे त्या थरथरण्याचं, आणखी एक चल घालायचं, ही वाट बोर्ग्नाके आणि लार्सन यांची, 1975 ची. मोमेंट, म्हणजे त्या फलनाच्या घनता, वेग, दाब अशा सरासऱ्या, घेत गेलं की गणितज्ञ ग्रॅडची 13 समीकरणं असतात तिथे 14 येतात. चौदावा तो डायनॅमिक प्रेशर, म्हणजे समतोलातल्या दाबापेक्षा वेगळा पडलेला दाब, रुग्गेरी, सुगियामा या मंडळींनी तो नीट बसवला. बल्क व्हिस्कॉसिटी त्याच्यातूनच निघते, जेव्हा बदल सावकाश असतात तेव्हा. शॉकमध्ये, म्हणजे आवाजाहून वेगाने येणाऱ्या यानापुढे वायू एकदम दाबला जातो तिथे, नाही; तिथे चौदावं समीकरण स्वतंत्रच सोडवावं लागतं, आणि मंगळावर यान उतरवताना शॉक असतोच. ज्यांना ते कुठून येतं बघायचंय त्यांनी चहाला फळ्यापाशी या, लिहून दाखवतो.