इशारा पातळी

(कोल्हापुरात शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पाऊस लागला की आपल्याकडं शाळकरी पोरसुद्धा विचारतं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. २०१९ च्या महापुरानंतर तर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत ४३ ची वाट कोण बघणार? जनावरं आधीच हलवतात. शाळेत मात्र मुलांच्या मनाकडं आपलं लक्ष जातं ते ४३ ओलांडल्यावर. पोरगं घर सोडून गेलं की मीटिंग, पालकांना बोलवा, समुपदेशकाला फोन करा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मानसिक आजारांपैकी एक तृतीयांश चौदाव्या वर्षाआधीच सुरू झालेले असतात आणि बहुतेक कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववी. तुमच्याच वर्गातली बाकं.

आता ही गोष्ट मला सांगायचीच आहे. एका शाळेत मी समुपदेशनाला जात होते. नाव सांगणार नाही, तुम्हीही एकमेकांकडं बघू नका. (हशा) कक्ष कुठं, तर मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून. कोपऱ्यात लेझमांचा ढीग, खिडकी पटांगणाकडं उघडी. आणि मुलांना बोलवायचं कसं? प्रार्थना झाली की माईकवरून, "सातवी ब मधली अमुक अमुक, समुपदेशन कक्षात जा." अख्खं पटांगण मान वळवून बघणार!

अशीच एक मुलगी आली. वेणीची रिबीन बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. म्हणाली, "मॅडम, मी काय केलंय?"

"काही नाही गं, बोलायला बोलावलंय."

"मग माईकवर नाव कशाला घेतलं?"

त्यापुढं ती एक शब्द बोलली नाही. वर्गात गेली तर पोरांनी 'येडी' म्हणून हाक मारली, आणि ते नाव वर्षभर सुटलं नाही. आई भेटायला आली ती हात जोडूनच. "मॅडम, रजिस्टरला नाव लिहू नका, उद्या लग्नाला आडवं येतंय." त्या माउलीला मी दोष देणार नाही. मदत मागितली की बदनामी होते, हे तिला आपणच दाखवून दिलं होतं.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? ती मुलगी कितीतरी दिवस डबा न उघडता परत न्यायची, हे शाळेतल्या मावशींना माहीत होतं. मावशींना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून मी जाईल तिथं सांगते, पहिली मीटिंग मावशींबरोबर घ्या, रिक्षावाल्या काकांबरोबर घ्या.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत नाही पाठवलं तर पालकाला महिना एक रुपया दंड. गैरहजर मूल ही राज्यानं दखल घ्यायची बाब आहे, हे या गावात तेव्हाच ठरलंय. आपण हजेरीपटावर 'गै' लिहितो आणि पान उलटतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. खरा विषय तर राहिलाच, मुलाची इशारा पातळी कशी ओळखायची, तेव्हा भराभर सांगते.

महिनाअखेरीला हजेरीपट आडवा वाचा, म्हणजे एकेका मुलाची महिनाभराची ओळ. दर सोमवारी पोट कुणाचं दुखतं? अक्षर कुणाचं एकदम बिघडलं? मैत्रिणींतून कोण बाजूला पडलं? पावसाळ्यात दप्तर सारखं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणारं पूरग्रस्त भागातलं मूलही त्यात धरा. दिसलं, तर चारचौघांत विचारू नका. व्हरांड्यात चालता चालता विचारा आणि उत्तर नाही आलं तर चार दिवसांनी परत विचारा. आजार कोणता हे ठरवणं शिक्षकाचं काम नाही. ते सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार विभागात होऊ द्या. पण जीव नकोसा झालाय असं मूल बोललं, तर चार दिवस थांबायचं नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना त्याच दिवशी बोलवा.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक पात्र समुपदेशक हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. संस्थाचालकांपुढं हे ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा, म्हणजे वाचताना कुणी बघत नाही.

आणि माईकवरून नाव पुकारणं उद्यापासून बंद. हजेरीपट कसा वाचायचा ते ज्यांना बघायचंय, त्यांनी बाहेर चहाच्या टेबलाशी या, मी कोरा नमुना आणलाय.