करार आणि कारभार

नमस्कार, श्रोतेहो. संगणक शिकणाऱ्यांना तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: आर्किटेक्चर आणि ऑर्गनायझेशन यांत फरक काय? उत्तर बहुतेकांना पाठ असतं, पण कळलेलं असतंच असं नाही. मी माझ्यापुरती दोन मराठी नावं ठेवली आहेत. आर्किटेक्चर म्हणजे करार, ऑर्गनायझेशन म्हणजे कारभार.

करार असतो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याशी. कोणत्या आज्ञा चालतील, रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधले आकडे ठेवायचे छोटे कप्पे, किती, मेमरीतला पत्ता किती बिटांचा. कारभार चालतो यंत्राच्या आत. गुणाकाराला वेगळं सर्किट द्यायचं की पुन्हा पुन्हा बेरजा करून भागवायचं, ते तिथे ठरतं. उत्तर तेच येतं, वेळ आणि खर्च बदलतो.

ही फारकत ठसठशीत दिसली ती आयबीएमच्या सिस्टिम ३६० या संगणकमालिकेत. ७ एप्रिल १९६४ ला ती जाहीर झाली. त्याआधी लहान यंत्र सोडून मोठं घ्यायचं, तर बरेचदा प्रोग्रॅमही नव्याने लिहावे लागत. इथे लहानमोठ्या मॉडेलांचा करार एकच होता. रजिस्टर ३२ बिटांचे. पण स्वस्तातल्या मॉडेल ३० मध्ये आतली डेटा नेणारी वाट जेमतेम ८ बिटांची! म्हणजे ३२ बिटांची बेरीज चार खेपांत. प्रोग्रॅमला याचा मागमूसही नसे, फक्त उत्तराला उशीर होई. पुढे इंटेलच्या ८०८६ आणि ८०८८ या प्रोसेसरांचंही तसंच: आज्ञा त्याच, बाहेरची डेटा बस, म्हणजे मेमरीशी डेटाची ने-आण करणारी वाट, एकाची १६ बिटांची, दुसऱ्याची ८.

पुस्तकं या दोहोंमध्ये सरळ रेघ ओढतात. मला ती इतकी सरळ वाटत नाही, कारण एखाद्या आज्ञेला किती वेळ लागेल, हे करारात सहसा नसतंच. आजचे बहुतेक वेगवान प्रोसेसर पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच उरकतात आणि अंदाज चुकला की निकाल टाकून देतात. कराराच्या हिशेबी काही घडलंच नाही. पण त्या गडबडीत कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, आलेला डेटा तिथेच राहतो, आणि मेमरी वाचायला लागणारा वेळ मोजून दुसऱ्याचं गुपित ओळखता येतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी हे जगजाहीर झालं. मग ऑपरेटिंग सिस्टिमांना कर्नलच्या, म्हणजे आपल्याच गाभ्याच्या, मेमरीचा नकाशा वेगळा ठेवावा लागला, काही कामं मंदावली. बेरजेच्या आज्ञेचा अर्थ मात्र होता तोच राहिला.