आलिसिया दे लारोचा: बार्सिलोनाच्या तालमीतली पियानोवादक

मंडळी, आत्ता आपण ऐकलं ते स्पॅनिश रचनाकार एन्रिके ग्रानादोस यांच्या 'गोयेस्कास' या पियानोमालिकेतलं तरुणी आणि नाइटिंगेल पक्ष्याचं प्रकरण. शेवटी पक्षी गायला लागतो, तिथे भलेभले वादक लय पार सोडून देतात. वाटेल तिथे थांबतात, वाटेल तेवढं ताणतात. आलिसिया दे लारोचा तसं करत नाहीत. लय जराशी रेंगाळते, पण सुटत नाही. आज मला बोलायचं आहे ते या शिस्तीबद्दल. माझ्या मते त्यांचं मोठेपण तिच्यात आहे, आणि 'स्पॅनिश संगीताची सम्राज्ञी' असं म्हणून मोकळं होताना नेमकी तीच आपल्या नजरेतून निसटते.

बाईंचा जन्म २३ मे १९२३चा, बार्सिलोनाचा. त्यांची आई आणि मावशी, दोघी ग्रानादोस यांच्या शिष्या. ग्रानादोस यांनी १९०१मध्ये या शहरात संगीतशाळा काढली होती. १९१६च्या जानेवारीत न्यूयॉर्कला, याच मालिकेवरून केलेल्या त्यांच्या 'गोयेस्कास' ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासमोर वाजवायचं निमंत्रण आलं म्हणून परतीची ठरलेली बोट जाऊ दिली, आणि २४ मार्चला इंग्लंडहून फ्रान्सला जाणाऱ्या 'ससेक्स' बोटीवर जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो येऊन आदळला. पतीपत्नी दोघंही बुडाले. ग्रानादोस तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. शाळा त्यांचे शिष्य फ्रँक मार्शल यांनी सांभाळली, पुढे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे आलिसियाने ग्रानादोस यांना कधी पाहिलं नाही, पण घरात आणि शाळेत कानावर पडत होतं ते त्यांचंच. आपण घराण्याची तालीम म्हणतो ना, अगदी तशी.

लहानपणची एक गोष्ट सांगतात. मावशीने पियानोला कुलूप लावलं, तर पोरीने फरशीवर डोकं आपटून घेतलं, रक्त येईपर्यंत. मग मार्शलकडे शिक्षण सुरू झालं. सहाव्या वर्षी, १९२९ साली, पहिलं जाहीर वादन. अकराव्या वर्षी माद्रिदमध्ये वाद्यवृंदाबरोबर मोत्सार्टचा कॉन्चेर्तो.

मार्शल यांचा सगळा भर पेडलवर असे. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. पियानोच्या बहुतेक तारांवर एकेक लोकरी गादी टेकलेली असते. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या उचलल्या जातात आणि तारा घुमत राहतात. पाय किती दाबायचा, अर्धा की पाव, आणि नेमका कधी उचलायचा, यावर सुरांचा मेळ होणार की गोंधळ, हे ठरतं. बाईंच्या ध्वनिमुद्रणात सुरांचं दाट जंगल असतं, तरी मधला एकेक आवाज वेगळा ऐकू येतो. श्रेय बोटांना मिळतं. माझ्या मते निम्मं तरी पायाचं आहे.

आता हात. बाईंची उंची पाच फुटांहूनही कमी. तळहात लहान, पण अंगठा आणि करंगळी ताणून त्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून दहाव्यापर्यंत पोचत; त्यासाठी त्या वर्षानुवर्षं बोटं ताणण्याचा व्यायाम करत राहिल्या. स्पॅनिश रचनाकार आल्बेनिस यांची 'इबेरिया' ही बारा रचनांची, चार भागांची मालिका मोठ्या हातांच्या वादकांनाही घाम फोडते. त्यात दोन्ही हात एकमेकांत गुंततात, एकाची बोटं दुसऱ्याच्या खालून जातात, तीच पट्टी लागोपाठ दोघांना लागते. आल्बेनिस ती १९०५ ते १९०८ या काळात, मूत्रपिंडाच्या आजाराने खंगत असताना लिहीत होते. १९०९च्या मे महिन्यात ते गेले. बाईंनी ही संपूर्ण मालिका एकदा नाही, अनेकदा ध्वनिमुद्रित केली. त्यांना चार ग्रॅमी मिळाले, त्यांतले दोन 'इबेरिया'च्या ध्वनिमुद्रणांना, एक 'गोयेस्कास'ला आणि एक फ्रेंच रचनाकार रावेल याच्या कॉन्चेर्तोंना.

हा रावेल मुद्दाम सांगितला. न्यूयॉर्कच्या मोत्सार्ट महोत्सवात त्या वर्षानुवर्षं वाजवायच्या, आणि बाख, मोत्सार्ट नीट येत नसेल तर स्पॅनिश संगीतही नीट येणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. लोकांना वाटतं हे संगीत म्हणजे उसळतं रक्त, मनमोकळी धावपळ. नाही हो. हे नाचाचं संगीत आहे. पाय चुकला तर नाचणारा पडतो.

जगाला त्या उशिराच कळल्या. १९५४-५५मध्ये अमेरिकेत वाजवून आल्या, पण तिथे खरा जम बसला तो १९६५नंतर, चाळिशी उलटल्यावर. त्याआधी १९५९मध्ये मार्शल गेले आणि शाळेची धुरा त्यांच्यावर आली. जगभर दौरे, घरी दोन मुलं, शिवाय शाळा. त्यांचे पती जुआन तोरा, स्वतः पियानोवादक, यांनी घर आणि शाळेची बाजू उचलली, म्हणून हे जमलं. या माणसाचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं, म्हणून आज मी घेतो.

फेदेरिको मोंपोउ या कातालान रचनाकाराने 'निःशब्द संगीत' या मालिकेचा शेवटचा भाग त्यांना अर्पण केला. १९९४मध्ये अस्तुरियासच्या राजपुत्राच्या नावाचा मोठा स्पॅनिश पुरस्कार मिळाला. २००३मध्ये त्यांनी जाहीर वादन थांबवलं, तेव्हा पहिल्या कार्यक्रमाला पाऊणशे वर्षं होत आली होती. २५ सप्टेंबर २००९ला बार्सिलोनातच त्यांचं निधन झालं.

आता 'इबेरिया'तलं 'त्रियाना' लावतो. हे स्पेनमधल्या सेव्हिया शहरातल्या एका वस्तीचं नाव. उजव्या हाताची चमक आपोआप ऐकू येईल, तिकडे लक्ष नाही दिलंत तरी चालेल. डावा हात ऐका, गिटारची चाल तो किती नेमकेपणाने धरून ठेवतो ते.